पट्ट्याचे खांब, टोकन यंत्र की खिडकीगणिक रांग: चार खिडक्यांच्या शाखेसाठी काय घ्यावं

एकाच कामासाठी चार खिडक्या असतील तर रांग एकच हवी, हे आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. पण एक रांग करायची म्हणजे टोकन यंत्रच घ्यायला हवं असं मुळीच नाही. शिवाय काही जागी एक रांग केली की काम चक्क मंदावतं. बाजारात तीन सोयी मिळतात: पट्ट्याचे खांब लावून केलेली नागमोडी रांग, आकडा छापून देणारं टोकन यंत्र, आणि प्रत्येक खिडकीपुढे पाइपचा कठडा. नागरी सहकारी बँकेची किंवा पतसंस्थेची मध्यम शाखा डोळ्यांपुढे ठेवून या तिन्हींची पारख केली आहे. चार खिडक्या आणि अकरा ते एकची गर्दी, असं धरलं आहे. दवाखान्याची ओपीडी, रेल्वेची तिकीट खिडकी आणि दर्शनबारी यांचं गणित जिथे वेगळं पडतं ते ओघात येईलच.

आधी हिशेब

एका व्यवहाराला सरासरी ३ मिनिटं लागतात असं समजू. एक खिडकी तासाला २० माणसं उरकते, चार मिळून ८०. गर्दीच्या वेळी तासाला ६४ माणसं येतात, म्हणजे खिडक्या ८० टक्के वेळ कामात आहेत. माणसं कधीही येणार, कुणाचं काम मिनिटात आटोपणार तर कुणी दहा मिनिटं घेणार, हा नेहमीचा विस्कळीतपणा धरला आणि प्रत्येकाने आत येताच एक खिडकी धरून शेवटपर्यंत तिथेच उभं राहायचं म्हटलं, तर माणूस सरासरी १२ मिनिटं ताटकळतो. त्याच चार खिडक्या, तीच माणसं, फक्त रांग एक केली की हा वेळ २ मिनिटं १४ सेकंदांवर येतो. गर्दी तासाला ७२ झाली तर वेगळ्या रांगांत २७ मिनिटं आणि एका रांगेत ५ मिनिटं ५४ सेकंद. उलट दुपारी तासाला ४० माणसं येत असतील तर ३ मिनिटं विरुद्ध १६ सेकंद. हे आकडे काढायचं सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग यांनी ते १९१७ मध्ये मांडलं, तेव्हा प्रश्न टेलिफोन एक्स्चेंजच्या तारांचा होता.

फरक पडतो तो एकाच कारणाने. वेगळ्या रांगांत दोन नंबरची खिडकी रिकामी बसलेली असते आणि त्याच क्षणी तीन नंबरपुढे चार जण उभे असतात. एका रांगेत माणूस थांबलेला असताना खिडकी रिकामी राहूच शकत नाही.

आता विक्रेते सांगत नाहीत ती बाजू. वरचे १२ मिनिटांचे आकडे कुणी रांग बदलतच नाही असं धरून काढलेले आहेत. खऱ्या शाखेत लोक आधी सगळ्यात छोटी रांग बघतात, मधेच खिडकी रिकामी झाली की तिकडे सरकतात. असं सगळ्यांनी केलं तर सरासरी प्रतीक्षा एका रांगेच्या बरीच जवळ येते. त्यामुळे ‘आमची यंत्रणा बसवा, प्रतीक्षा एक पंचमांश होईल’ असं कुणी सांगितलं तर ते तुमच्या शाखेला लागू पडेलच असं नाही. मग एका रांगेचा फायदा कशात? न्यायात. रांग बदलून पुढे जातो तो तरणाताठा. काठी टेकत आलेले आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, हातात चिल्लरची पिशवी असलेला भाजीवाला हे जिथे उभे राहिले तिथेच राहतात. चार सारख्या रांगांत आपलीच सर्वांत वेगवान निघण्याची शक्यता चारात एक, म्हणजे चारपैकी तीन वेळा शेजारची कुठलीतरी रांग आपल्यापुढे सरकताना बघावं लागतं. सरासरी सारखी असली तरी कुणाला दोन मिनिटं आणि कुणाला वीस, ही तफावत वेगळ्या रांगांत मोठी राहते. शाखेत होणारी बहुतेक वादावादी या तफावतीतूनच निघते.

पट्ट्याचे खांब

चार खिडक्यांच्या शाखेला आमची पहिली पसंती यांनाच. खांबाच्या डोक्यात गुंडाळलेला पट्टा असतो, तो ओढून पुढच्या खांबात अडकवायचा. पट्टा साधारण २ मीटर येतो. वीस माणसांची रांग धरा. माणसामागे ७० सेंटिमीटर म्हणजे १४ मीटर, ती ५ मीटरच्या तीन पदरांत बसते. पदराची रुंदी ९० सेंटिमीटरपेक्षा कमी ठेवू नका, नाहीतर चाकाची खुर्ची अडकते. खुर्ची वळवायला दीड मीटर लागतो, म्हणून वळणावर जास्त मोकळं सोडा किंवा खुर्चीसाठी कडेने सरळ वाट ठेवा. एवढ्या रांगेला सुमारे १३.५ चौरस मीटर, म्हणजे १४५ चौरस फूट जागा जाते. एका बाजूला भिंत मिळाली तर दहा खांब पुरतात: आतल्या दोन ओळींना तीन-तीन, बाहेरच्या बाजूला चार.

घेताना तळ बघा. तळाची चकती हलकी असेल तर पट्ट्याला कुणी टेकलं की खांब कलंडतो, आणि रांगेतला माणूस पट्ट्याला टेकतोच. पट्टा सोडल्यावर सपकन आत जाणारा नको, लहान मुलाच्या तोंडावर बसतो. हळू आत ओढला जाणारा घ्या. लोखंडी तळाखाली रबराची कड नसेल तर फरशी पुसताना गंजाचे गोल डाग पडतात.

बसवल्यावर दोन चुका हमखास होतात. गर्दी नसतानाही नागमोडी वाट तशीच ठेवली जाते, आणि रिकाम्या हॉलमध्ये एकट्या माणसाला पंधरा मीटर वळसा घ्यावा लागतो. तो पट्ट्याखालून वाकून जातो, मग दुसराही तसंच करतो आणि रांगेचा धाक संपतो. शिपायाला सांगून ठेवा, पाचपेक्षा कमी माणसं असली की मधले पट्टे सोडायचे. दुसरी चूक, काम उरकून निघालेला माणूस रांग कापूनच बाहेर पडतो. रांगेचं तोंड खिडक्यांच्या एका टोकाला आणि बाहेर जायची वाट दुसऱ्या टोकाला ठेवली की हा प्रश्न राहत नाही.

एक रांग लांब दिसते, हा तिचा खरा दोष. पाच-पाचच्या चार रांगा बघून आत येणारा माणूस वीसची एक रांग बघून दारातून परत फिरतो, जरी त्याला वेळ तेवढाच लागणार असला तरी. उपाय स्वस्त आहे. वीस माणसं गुणिले ३ मिनिटं भागिले ४ खिडक्या म्हणजे १५ मिनिटं. विसाव्या माणसाच्या जागी ‘इथून सुमारे १५ मिनिटं’ आणि दहाव्याच्या जागी ‘सुमारे ८ मिनिटं’ अशा पाट्या लावा. चारपैकी एक खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद होणार असेल तर त्या वेळेसाठी पाटीची उलटी बाजू वापरा: २० आणि १० मिनिटं. आकडा थोडा वरच धरा. सांगितल्यापेक्षा लवकर नंबर लागला तर कुणी भांडत नाही.

टोकन यंत्र

बँकांना टोकन नवं नाही. चेक एका खिडकीवर द्यायचा, पितळी बिल्ला घ्यायचा, बाकावर बसायचं आणि रोखपालाने नंबर पुकारला की जायचं, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. पाण्याच्या टँकरपुढे लावलेली हंडे-कळशांची ओळ किंवा रेशन दुकानापुढे ठेवलेल्या पिशव्या हेही टोकनच: वस्तू रांगेत, माणूस सावलीत. टोकनाचा खरा उपयोग तोच आहे. माणसाला बसता येतं. खिडकीचं काम त्याने वेगवान होत नाही, उलट जरा मंदावतं, आणि हे नीट समजून घेणं गरजेचं आहे.

रांगेत पुढे उभा असलेला माणूस दोन-तीन सेकंदांत खिडकीशी येतो. टोकनवाला मात्र पुकारा ऐकतो, चिठ्ठी बघतो, फलक बघतो, पिशवी उचलतो, खिडकी शोधतो. यात १५ सेकंद सहज जातात. ३ मिनिटांच्या कामात १५ सेकंद किरकोळ वाटतात, पण तेवढा वेळ खिडकी अडकलेली असते. म्हणजे व्यवहार सव्वातीन मिनिटांचा झाला. खिडक्यांवरचा भार ८० वरून जवळपास ८७ टक्क्यांवर गेला आणि प्रतीक्षा २ मिनिटं १४ सेकंदांवरून सुमारे ४ मिनिटं २४ सेकंदांवर. पंधरा सेकंदांनी जवळजवळ दुप्पट. गर्दी जितकी जास्त तितका हा फटका मोठा.

यावर उपाय कर्मचाऱ्याच्या बोटात आहे. ‘पुढचा’ हे बटण आधीचा माणूस निघून गेल्यावर दाबायचं नाही. त्याच्या पावतीवर शिक्का मारताना, शेवटची नोट मोजून होताना दाबायचं. पुढचा माणूस उठून येईपर्यंत आधीचा बाजूला झालेला असतो. खिडकीपुढे दोन माणसं आडवी मावतील एवढी फळी ठेवा, म्हणजे पैसे पाकिटात घालायला आधीच्याला जागा मिळते आणि मागच्याला सरकता येतं. विक्रेत्याकडून प्रशिक्षण घेताना बाकी काही राहिलं तरी चालेल, हे शिकवून घ्या.

गैरहजर टोकन ही दुसरी डोकेदुखी. माणूस चिठ्ठी घेतो आणि चहाला जातो, किंवा गर्दी बघून घरीच जातो. तासाला दहा टोकनं अशी मेली आणि प्रत्येकासाठी २० सेकंद पुकारा चालला, तर खिडक्यांची तासाला ३ मिनिटं २० सेकंद फुकट. नियम असा ठेवा: दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा पुकारा, नाही आला तर बाजूला ठेवा, परत आला तर तीन टोकनांनंतर घ्या. यंत्रात ‘बाजूला ठेवा’ आणि ‘परत बोलवा’ ही दोन्ही बटणं आहेत का ते बघून घ्या. स्वस्त यंत्रांत फक्त ‘पुढचा’ आणि ‘पुन्हा’ असतं, आणि मग उशिरा आलेल्या माणसाला कुठे बसवायचं यावरून खिडकीवर रोज तंटा होतो.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं, आणि मराठी शाखेत घोटाळा होतो तो तिथेच. इंग्रजीत वीसच्या पुढचे आकडे दोन शब्द जोडून बोलता येतात, म्हणून तिथे थोड्याच ध्वनिफितींत भागतं. मराठीत नव्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक आकड्याला आपला शब्द आहे. तोच इंग्रजी साचा मराठीत ओतलेलं यंत्र एकोणपन्नासला ‘चाळीस नऊ’ म्हणतं. (बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली ‘वीस एक, वीस दोन’ अशी जोडीने वाचायची रीत आली तेव्हा केवढी चर्चा झाली होती ते आठवत असेल. शाखेतल्या सत्तरीच्या ठेवीदाराला ती रीत कानावर बसलेली नाही.) नीट मराठी पुकाऱ्यासाठी १ ते ९९ च्या नव्याण्णव फिती, ‘शंभर’, आणि ‘एकशे’ ते ‘नऊशे’च्या नऊ, अशा १०९ फिती लागतात. विक्रेत्याला थेट विचारा, किती आहेत.

पण शुद्ध मराठी पुकाराही गर्दीत कमी पडतो. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर. चारही शब्दांची सुरुवात सारखी. नोटा मोजायच्या यंत्राच्या खडखडाटात शेपूट ऐकू येत नाही आणि दोघं-तिघं एकदम उठतात. बासष्ट-बाहत्तरचीही तीच गत. म्हणून पुकारा असा हवा: ‘एकोणपन्नास. चार, नऊ. खिडकी दोन.’ दोन सेकंद जास्त जातात, पण चुकीचा माणूस खिडकीपर्यंत येऊन परत जाण्यात जातात त्यापेक्षा कमीच.

अक्षरांच्या मालिका टाळा. बी, डी, पी, सी हे सगळे कानाला सारखे. क-ख, ब-भ तसेच. कामानुसार आकड्यांचे टप्पे पाडणं सोपं: रोखीला १०१ पासून, पासबुक आणि खात्याच्या कामांना ३०१ पासून, केवायसी आणि लॉकरला ५०१ पासून. शिपायालाही एका नजरेत कळतं, पाचशेवाला रोखीच्या खिडकीशी उभा आहे. चिठ्ठीवर आणि फलकावर आकडे एकाच लिपीत ठेवा. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला इतके जवळचे आहेत की एकीकडे हे आणि दुसरीकडे ते ठेवलं तर घोळ ठरलेला. लाल दिव्यांच्या साध्या फलकावर इंग्रजीच आकडे येतात, त्यामुळे तो घेतला असेल तर चिठ्ठीही इंग्रजी आकड्यांत छापा.

कागदाचा हिशेब छोटाच आहे पण रोजचा आहे. ३० मीटरचा रोल आणि ६ सेंटिमीटरची चिठ्ठी म्हणजे ५०० टोकनं. चिठ्ठीवर बोधचिन्ह, ठेवीच्या व्याजदराची जाहिरात आणि शुभेच्छा घातल्या की चिठ्ठी १० सेंटिमीटरची होते आणि तोच रोल ३०० वर संपतो, बहुधा ऐन गर्दीत. चिठ्ठीवर आकडा मोठा, वेळ, काम आणि पुढे किती जण आहेत एवढंच हवं. थर्मल कागद उन्हात काळवंडतो, म्हणून यंत्र काचेच्या दाराला लागून ठेवू नका. खिडकीवरचे कीपॅड तारेचे घ्या. बिनतारी कीपॅडची बॅटरी संपली की त्या दिवशी ती खिडकी हाताने पुकारते आणि क्रम विस्कटतो.

खिडकीगणिक रांग कुठे बरोबर

काम जितकं छोटं, तितका चालत यायचा वेळ महाग. लोकलच्या तिकिटाला २० सेकंद लागतात असं धरा. खिडकी तासाला १८० तिकिटं देते. एक रांग करून पुढच्या माणसाला खिडकीपर्यंत यायला चार सेकंद लावले, तर तासाला १५०. खिडकीमागे तासाला १५५ माणसं येत असतील तर जी रांग खिडकीगणिक उभी राहून उरकत होती ती आता गर्दीची वेळ सरेपर्यंत वाढतच जाते. म्हणून तिथे प्रत्येक खिडकीला पाठोपाठ उभी रांगच योग्य. एक रांग हवीच असेल तर मिश्र मांडणी करा: मुख्य रांग एक, पण प्रत्येक खिडकीवर काम चालू असलेल्याच्या मागे एक माणूस आधीच उभा. त्याच्या पायाखाली फरशीवर पिवळी पट्टी. खिडकी क्षणभरही थांबत नाही, आणि रांग बदलायचा प्रश्न फक्त शेवटच्या एका माणसापुरता उरतो. आठ-दहा खिडक्या लांब पसरल्या असतील तर हीच मांडणी हवी, कारण रांगेच्या तोंडाशी उभ्या माणसाला टोकाची खिडकी रिकामी झालेली दिसत नाही. दिसायला हवी तर प्रत्येक खिडकीवर दिवा लावा.

ओपीडीत कारण वेगळं आहे. केसपेपरच्या खिडक्या एका रांगेवर चालवा, कारण केसपेपर कुणीही काढला तरी तोच. पण आत डॉक्टरपुढे रांग डॉक्टरगणिक हवी. जुना रुग्ण ज्यांनी तपासलं त्यांच्याकडेच परत गेला पाहिजे, नाहीतर सगळं पहिल्यापासून सांगायचं आणि तपासणीचा वेळ वाढतो. आणखी एक गोष्ट अशी की स्वतःची यादी समोर असली की माणूस ती संपवायच्या मागे लागतो. सामाईक रांगेत ‘मी एक लवकर उरकला तर आणखी एक माझ्याच वाट्याला येईल’ ही भावना कामाचा वेग हळूच खाते. बँकेतही हे होतं. त्यावर कुणी किती टोकनं उरकली याचा तक्ता भिंतीवर लावणं हा वाईट उपाय आहे. मग लोक काम संपण्याआधीच बटण दाबून आकडा वाढवतात आणि खिडकीपुढे दोन-दोन टोकनं उभी राहतात. आठवड्यातून एकदा शाखाधिकाऱ्याने खिडकीवरच्या माणसाशी बसून बोलणं जास्त उपयोगी.

पाइपचा कायमचा कठडा आम्ही कुठल्याही शाखेला सुचवणार नाही. तो गर्दी नसताना सोडता येत नाही, आणि आगीची किंवा चेंगराचेंगरीची वेळ आली तर आतला माणूस बाहेर निघू शकत नाही. हॉल एवढा अरुंद असेल की खांब ठेवायला जागाच नाही, तर फरशीवर पट्टी आखा.

ज्येष्ठांची रांग, मोठा भरणा, पुरुष-स्त्रिया

रांग वेगळी आणि खिडकी वेगळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी या दोन्हींची गल्लत होते. तीन खिडक्या, वर पाट्या: पुरुष, स्त्रिया, ज्येष्ठ नागरिक. स्त्रियांच्या रांगेत पंधरा, ज्येष्ठांच्या खिडकीवर कुणी नाही, आणि तिथला कर्मचारी पाटीकडे बोट दाखवतो. रांगा वेगळ्या ठेवायला हरकत नाही, कित्येक ठिकाणी त्या हव्यातच. फक्त खिडक्या सामाईक ठेवा. कुठलीही खिडकी मोकळी झाली की आळीपाळीने एकेका रांगेतून पुढचा माणूस घ्यायचा. रांगेतला आडोसा टिकतो आणि खिडकीही रिकामी राहत नाही.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलं की ज्येष्ठ आणि दिव्यांग खातेदारांसाठी ठळक ओळखू येईल अशी वेगळी खिडकी, किंवा त्यांना प्राधान्य देणारी खिडकी असावी. यातला ‘किंवा’ महत्त्वाचा आहे. महिन्याच्या मधल्या आठवड्यात वेगळी खिडकी अर्धा दिवस रिकामी राहते. पेन्शन जमा होते त्या दिवसांत आणि नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायच्या वेळी हॉलमध्ये निम्म्याहून अधिक ज्येष्ठच असतात, आणि त्यांची एकुलती खिडकी तुंबते. प्राधान्याची पद्धत दोन्ही वेळी टिकते, पण प्रमाण ठरवून: दोन सर्वसाधारण टोकनांनंतर एक ज्येष्ठ, पेन्शनच्या दिवसांत एकास एक. ‘ज्येष्ठ असेल तर आधी तोच’ असा सरसकट नियम यंत्रात घातला तर पेन्शनच्या दिवशी बाकीच्यांचा नंबर लागतच नाही. हे प्रमाण शाखेतूनच बदलता येतं, की दर वेळी विक्रेत्याचा माणूस यावा लागतो, हे विचारा.

काम वाटून रांगा वेगळ्या करणं मात्र बहुतेकदा योग्य असतं. पंढरपुरात पदस्पर्श दर्शनाची आणि मुखदर्शनाची रांग वेगळी असते. ज्याला लांबूनच मुख बघून निघायचं आहे त्याला पायांवर डोकं ठेवायला थांबलेल्यांच्या मागे तासन्‌तास उभं करण्यात अर्थ नाही. शाखेत तसंच पासबुक भरून घ्यायला आलेला माणूस भरणा करणाऱ्याच्या मागे उभा असू नये. पण मोठ्या भरण्याला वेगळी खिडकी देण्याआधी बेरीज करा. वरची ३ मिनिटांची सरासरी बघा: दहापैकी नऊ कामं दोन मिनिटांची आणि एक बारा मिनिटांचं, पिग्मी एजंटचं किंवा दुकानदाराच्या दिवसभराच्या गल्ल्याचं, असं असलं तरी सरासरी तीनच येते. तासाला ६४ पैकी सहा मोठे भरणे धरले तर ७२ मिनिटांचं काम झालं. एका खिडकीकडे तासात ६० मिनिटं असतात. म्हणजे ‘मोठा भरणा’ अशी पाटी लावलेली खिडकी दर तासाला मागे पडत जाणार. त्यांना खिडकीऐवजी वेळ द्या: अडीचनंतर या, किंवा पिशवी मागच्या टेबलावर मोजणीला द्या आणि पावतीसाठी नंतर या. उरलेली कामं दोन-दोन मिनिटांची राहतात, चार खिडक्यांना अर्धा भारही पडत नाही. अशा शाखेला टोकन यंत्राची गरजच उरत नाही.

घेण्याआधी

पाच दिवस, अकरा ते एक, दारात एक माणूस वही घेऊन बसवा. प्रत्येकाची आत आल्याची वेळ, खिडकीवर पोचल्याची, निघाल्याची आणि काम काय होतं ते लिहा. त्यात महिन्याच्या पहिल्या आठवड्याचे किमान दोन दिवस हवेत. चार आकडे काढा: तासाला किती आले, सरासरी काम किती मिनिटांचं, दहा मिनिटांवरची कामं किती, आणि जास्तीत जास्त किती जण एका वेळी थांबले होते. जास्तीत जास्त बारा-पंधरा थांबत असतील तर दहा खांब घ्या. पंचवीसच्या पुढे जात असतील, ज्येष्ठ जास्त असतील आणि बसायला जागा असेल तर टोकन यंत्र. भार ९० टक्क्यांवर असेल तर दोन्ही नकोत. आधी पाचवी खिडकी उघडा किंवा मोठी कामं दुपारवर ढकला.

यंत्र ठरलंच तर पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर तीन गोष्टी करून बघा. सदतीस टोकनं काढा आणि प्लग ओढा. वीज परत आल्यावर अडतिसावं टोकन यायला हवं. पुन्हा एकपासून सुरू झालं तर दिवा गेला त्या दिवशी हॉलमध्ये एकाच नंबरची दोन-दोन माणसं उभी राहतील. नोटा मोजायचं यंत्र चालू ठेवून एकोणपन्नास आणि एकोणसाठ पुकारायला लावा आणि सर्वांत मागच्या बाकावरून ऐका. आणि एक टोकन बाजूला ठेवून तीन टोकनांनंतर परत बोलवून दाखवायला सांगा, तेही विक्रेत्याच्या माणसाला न करू देता, जी व्यक्ती उद्या खिडकीवर बसणार आहे तिच्या हाताने.